नऊ नंबरचं मनगट

हाडमावशीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. एकदा बसथांब्यावर तिने एका गृहस्थाला नव्या बाजाराचा रस्ता विचारला. गृहस्थाने नीट समजावून सांगितला, वर तिची जड पिशवी उचलून बसमध्ये ठेवली. पिशवीच्या बंदाभोवती आवळलेली बोटं पाहिली तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात उजेड पडला. तो तिचा सख्खा जावई होता. सात वर्षांचा जुना. जावई भला, घरी काही बोलला नाही. मावशीनेच सांगून टाकलं, आणि वर म्हणाली, "चेहऱ्यात काय असतं? दाढी वाढवली की बदलला. हात कुठे जातो?"

सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत ती चौतीस वर्षं एक्स-रे काढत होती. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, त्यावर मान वाकवून उभं राहिलेलं यंत्र, कोपऱ्यात पडदा, आणि खिळ्याला शिशाचा एप्रन. तो एप्रन अंगावर वागवून वागवून मावशीचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. मोडक्या हातांची, मुरगळलेल्या पायांची, नाणं गिळलेल्या लेकरांची रांग दाराबाहेर बाकावर बसलेली असायची. हाडमावशी हे नाव कुणी पाडलं कुणास ठाऊक, पण झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला तेच म्हणत आणि ती ओ देई.

तिचा नवरा पोस्टातून निवृत्त झालेला आणि फुटबॉलने बिघडलेला माणूस होता. तो म्हणे, ही जन्मभर तीनच वाक्यं बोलली: हलायचं नाही, श्वास धरा, सोडा. कुकरची शिट्टी व्हायला आली की ती कुकरलासुद्धा 'धरा' म्हणते.

तिच्या वयाचा तर वेगळाच घोळ होता. लहानपणी ती मोठ्या भावाच्या मागे मागे शाळेच्या दारापर्यंत गेली. त्या दिवशी पटावर एक डोकं कमी पडत होतं आणि तपासणीला साहेब यायचे होते. मास्तरांनी चार वर्षांच्या त्या पोरीला बाकावर बसवलं, हातात पाटी दिली आणि रजिस्टरात सहा वर्षं लिहून टाकली. तेव्हापासून सरकार तिच्यापेक्षा दोन वर्षं पुढेच चालत आलं. आता कागदावर अठ्ठावन्न भरत होती आणि हाडात छप्पन्न. महिनाअखेर निवृत्ती होती. मावशीला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं, पण एका गोष्टीचा तोरा होता. तिचं सेवापुस्तक कोरं होतं. चौतीस वर्षांत एक लाल शेरा नाही. उशिराचा नाही, चुकीचा नाही, उर्मटपणाचा नाही. उर्मटपणा होता, शेरा नव्हता. हे पुस्तक निरोपाच्या दिवशी मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर वर धरून दाखवणार होते, आणि त्यासाठी तिने एक नवी साडी इस्त्री करून ठेवली होती.

अशात गावात ती स्पर्धा आली.

शेजारपाजारच्या आठ देशांच्या, सोळा वर्षांखालच्या पोरांच्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा. यजमानपद आपल्याकडे, म्हणून शहराला एकदम अंघोळ घालायला काढली. स्टेडियमच्या रस्त्यावरच्या भिंती रंगल्या, खड्डे बुजले, इस्पितळाच्या जिन्याचा कठडासुद्धा निळा झाला. रंग ओला आहे अशी पाटी लावायची राहिली आणि तीन दिवस मावशीच्या टेबलावर येणारा प्रत्येक तळवा निळा होता.

इस्पितळाला रंग मिळाला त्याला कारण होतं. या वयोगटाच्या स्पर्धांत पोरांपेक्षा वयच जास्त पळतं. मागच्या खेपेला म्हणे एका संघाच्या कर्णधाराला घरी न्यायला त्याची बायको आली होती, कडेवर लेकरू घेऊन. तेव्हापासून नियम झाला की स्पर्धेआधी प्रत्येक खेळाडूच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायचा. मनगटाच्या जरा वर, हाडाच्या टोकाशी, वाढत्या पोरांना एक फट असते. फोटोत ती काळ्या रेघेसारखी दिसते. पोर वाढून पूर्ण झालं की ती फट भरते, रेघ मिटते. रेघ दिसली तर खेळा, मिटली असेल तर घरी जा, आणि दोन वर्षं बंदी, वर आठही देशांत नाव जाहीर. फोटो मावशीने काढायचे. दुसऱ्या शहरातल्या तीन डॉक्टरांनी ते नुसत्या नंबरावरून बघायचे आणि निकाल द्यायचा.

सोबत नियमांचे दोन कागद आले होते. त्यात एक ओळ अशी होती, की फोटो काढणाऱ्याने खेळाडूचा चेहरा पासपोर्टशी ताडून पाहावा आणि तसं लिहून सही करावी. आठ संघ, प्रत्येकी तेवीस पोरं, म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी सह्या. मावशीने आदल्या दिवशी दुपारी चहा मागवला, खुर्चीत ऐसपैस बसली आणि एकशे चौऱ्याऐंशी कागदांवर 'चेहरा पडताळला' खाली सह्या करून मोकळी झाली. म्हणाली, उद्या गर्दीत कोण करत बसेल. आणि खरं सांगायचं तर तिने चेहरे पाहिले असते तरी काय फरक पडला असता? जावई पाहूनही ओळखला नव्हता.

दोन दिवस नुसते हात येत राहिले. लांब हात, आखूड हात, नखं कुरतडलेले, बोटांत धागे आणि अंगठ्या. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. मावशी सगळ्यांना 'श्वास धरा' म्हणे. मनगटाला श्वास नसतो, पण सवय. पोरं तिच्याकडे बघून तोंडं फुगवत आणि धरत.

आपल्या संघाची पोरं दुसऱ्या दिवशी आली. बरोबर फुटबॉल संघटनेचे सेक्रेटरी, घामावर अत्तर मारलेले, हातात पासपोर्टांची पिशवी. नऊ नंबरचं पोरगं टेबलापाशी आलं तसा मावशीने हात घेतला, फोटोच्या चपट्या कॅसेटवर पालथा ठेवला, बोटं जरा फाकवली. लहानखुरा हात होता. बटण दाबलं, संगणकाच्या पडद्यावर फोटो आला. करंगळीखालचं हाड वाकडं जुळलं होतं, कधीतरी कुणाच्या तरी जबड्यावर मूठ बसली असणार. आणि मनगटाशी रेघ नव्हती. पार मिटलेली. मावशीने 'हूं' केलं आणि पुढचा नंबर पुकारला.

निकाल लागला. आठ संघांतून सात पोरं बाद. आपला बाद झालेला एकच, पण तो नऊ नंबर. त्याच्यासाठी तर लोकांनी तिकिटं काढली होती. पंधराव्या वर्षी पावणेसहा फूट उंच, डाव्या पायाचा फटका असा की गोलकीपर आधी तोंड झाकत. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर 'देशाची फसवणूक' म्हणून त्याचा फोटो आला, मिशीसकट. मिशीभोवती पेपरवाल्यांनी लाल गोल काढला होता.

गावाने दोघांना धरलं. एक तो पोरगा, दुसरी मावशी. भाजीवाल्याने तिला खालचे टोमॅटो दिले. वॉर्डातल्या नर्सने विचारलं, मावशी, जरा हात हलवला असता तर फोटो पुसट आला नसता का? घरी नवऱ्याने अबोला धरला, तो फक्त मीठ मागण्यापुरता मोडला. पहिला सामना आपण शून्य-शून्य बरोबरीत सोडवला. दुसरा हरलो. आता तिसरा जिंकला तरच सेमीफायनल.

त्या दुसऱ्या सामन्यानंतरच्या दुपारी मावशी डबा उघडून बसली होती तेव्हा दार ढकलून एक बाई आत आली. मावशीने सवयीने हात पाहिले. कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा, एकीखाली एक, शिडीसारख्या. पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्यांचे हात असे असतात. तिच्यामागे एक दांडगा मुलगा मान खाली घालून उभा होता.

"तुम्हीच ना त्या," बाई म्हणाली, "माझ्या पोराला म्हातारा ठरवणाऱ्या?"

मावशीने डबा झाकला. "मी नाही ठरवत बाई. डॉक्टर ठरवतात. मी बटण दाबते."

"मग मला विचारायचं होतं आधी. बाळंत मी झाले होते. तुमचे तिन्ही डॉक्टर त्या दिवशी कुठे होते?"

मावशीने खुर्ची पुढे सरकवली. बाई थांबली नाही. तिने सांगितलं की पोराला तेराव्या वर्षीच मिशी फुटली, याच्या बापालाही तशीच फुटली होती, त्यात पोराचा काय गुन्हा. शाळेत नाव घातलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, दोन वर्षं कमी लिहू या, पुढे उपयोगी पडतं. तिनेच हट्टाने खरी तारीख लिहायला लावली. आता लोक भट्टीवर येऊन पाव घेता घेता विचारतात, तुमच्या मुलाचं लग्न कधी?

"हात ठेव," मावशी पोराला म्हणाली.

पोराने हात टेबलावर ठेवला. फावड्याएवढा पंजा. अंगठ्याच्या मुळाशी काचेची जुनी जखम. करंगळी सरळ, मक्याच्या कणसासारखी. तिने तो हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"हा हात माझ्याकडे आलेला नाही."

पोरगा पहिल्यांदाच बोलला. आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा, पण बोलणं लहान मुलाचं. "सेक्रेटरीकाका म्हणाले, तुझा फोटो झालाय, तू झोप. मी झोपलो."

मावशीने फोटो काढला. आईने श्वास धरला, सांगितलं नव्हतं तरी. पडद्यावर मनगट उमटलं आणि हाडाच्या टोकाशी ती काळी रेघ. रेघ कसली, गल्ली होती. त्यातून सायकल गेली असती. अजून हातभर तरी वाढणार होतं हे पोरगं.

मावशी तशीच एप्रन काढून स्टेडियमवर गेली. स्टँडखालच्या खोलीत सेक्रेटरी पंख्याखाली बसले होते. समोर झेंडे, बिल्ले आणि न फोडलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके. मावशीने दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, हा वाकड्या करंगळीचा कोण?

सेक्रेटरींनी आधी ओळख दाखवली नाही. मग दार लावून घेतलं. मग सगळं ओकले. संघाच्या कोचने आपल्या साडूचा मुलगा आणून उभा केला होता. चिमणीएवढं पोरगं, गालावर नुसती लव, शाळेच्या दाखल्यावर चौदा. अशा बालकाच्या मनगटाला कोण काय म्हणणार? आणि मावशी चेहरे बघत नाही हे तर गावभर ठाऊक होतं.

"पण का?" मावशीने विचारलं. "खरा नऊ नंबर पंधराचाच आहे."

"मावशी, तुम्ही त्याची मिशी बघितलीत?"

"मी मिशीचा फोटो काढत नाही."

"अहो, त्याची आई शपथेवर सांगत होती पंधरा म्हणून. आता आयांचं काय, माझी आईसुद्धा मला अजून चाळिशीचाच सांगते. वीस वर्षं या धंद्यात आहे मी. खरं वय घेऊन आलेलं एक पोरगं पाहिलं नाही. म्हटलं, हा तर नक्कीच एकोणीसचा असणार."

मग त्यांनी मावशीसमोरच कोचला फोन लावला, कोचने साडूला. दहा मिनिटांनी कोचचा उलटा फोन आला. साडूने कबूल केलं होतं. मुलगा दाखल्यावर चौदा असला तरी खरा अठराचा होता. शाळेच्या संघात घ्यावं म्हणून त्याने चार वर्षं कापली होती, आणि बोभाटा नको म्हणून बायकोच्या बहिणीच्या घरीही सांगितलं नव्हतं. सेक्रेटरींनी फोन खाली ठेवला.

"घरातल्या घरात फसवतात हो लोक," ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

पुढची चर्चा सरळ होती. सेक्रेटरी म्हणाले, फोटोंची अदलाबदल झाली असं सांगा. मावशी म्हणाली, मग मिटलेली रेघ कुणाची असं विचारतील, आणि दुसऱ्या एखाद्या पोराच्या गळ्यात ती पडेल. सेक्रेटरी म्हणाले, यंत्र बिघडलं म्हणा. मावशी म्हणाली, यंत्राने करंगळी वाकडी केली का? सेक्रेटरींनी मग आवाज खाली आणला. खरं बाहेर आलं तर संघ जाईल, मी जाईन, आणि तुम्हीही जाल. चेहरा पडताळला म्हणून सही तुमचीच आहे. बारा दिवस राहिलेत तुमचे. कोरं पुस्तक घेऊन सुखाने घरी जा. पोरगं काय, लहान आहे, अजून पुष्कळ स्पर्धा येतील.

"आता तो लहान झाला होय?" मावशी म्हणाली आणि फोटो उचलून निघाली.

बोलून तर आली, पण रस्ताभर हिशेब मांडत राहिली. सेक्रेटरी चुकीचं बोलले नव्हते. तिने तोंड उघडलं की पहिला प्रश्न तिलाच येणार होता, की बाई, तुम्ही चेहरा पाहिला का? आणि नाही उघडलं तर ते पोर जन्मभर 'देशाची फसवणूक' होऊन भट्टीवर पाव विकणार होतं, मिशीभोवती लाल गोल घेऊन.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. अबोला आपोआप मोडला. त्याने कपाटातून सेवापुस्तकाची प्रत काढली, तिच्या कोऱ्या पानांवरून बोट फिरवलं आणि परत ठेवली.

"हे बघ," तो म्हणाला, "तू बोललीस तर माझा नऊ नंबर परत येतो आणि तुझं पुस्तक खराब होतं. मला काय विचारतेस? मी पक्षपाती माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मॅच कमिशनरच्या हॉटेलात गेली. स्पर्धेवर देखरेख करायला शेजारच्या देशातून आलेला हा साहेब उंच, वाळका होता आणि नखं पार मुळापर्यंत खाल्लेली होती. त्याची भाषा हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला येत होती, म्हणून ती मध्ये बसली. मावशीने दोन्ही फोटो ठेवले. हा हात वेगळा, हा हात वेगळा, तिने बोटाने दाखवलं. पहिला नऊ नंबर म्हणून माझ्याकडे आला. दुसरा खरा नऊ नंबर. पहिला कुणी पाठवला ते त्यांना विचारा. माझं एवढंच, की मी चेहरा पाहिला नाही. सह्या आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या.

काउंटरवरच्या मुलीने शेवटचं वाक्य दोनदा विचारून घेतलं, मग सांगितलं. साहेब नख खायचा थांबला. त्याने विचारलं, असे किती चेहरे पाहिले नाहीत?

"एकशे चौऱ्याऐंशी," मावशी म्हणाली.

साहेबाने पाणी मागवलं. मग सांगितलं की उद्या सकाळी आठ वाजता सगळ्या संघांचे सगळे फोटो पुन्हा. चेहरे तो स्वतः उभा राहून बघणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ देशांच्या तरुण पिढीवर संकट कोसळलं. सतरा पोरांची पोटं एकाच वेळी बिघडली. चौघांच्या दाढा ठणकायला लागल्या. एका संघात तर एकाच पहाटे तीन आज्या वारल्या आणि तिन्ही नातू विमानाने रवाना झाले. जे उरले ते रांगेत उभे राहिले, आणि त्यांच्या मनगटांत एकजात काळ्या रेघा निघाल्या. नऊ नंबरच्या वेळी साहेबाने पासपोर्ट, मिशी, पासपोर्ट, मिशी असं तीनदा पाहिलं. मग पडद्यावरची ती गल्ली पाहिली आणि मान डोलावली.

नियमाने पाहिलं तर आपला संघ बाद व्हायला हवा होता. पण नियमाने पाहिलं तर पाच संघ बाद व्हायला हवे होते, आणि त्यातला एक साहेबाच्याच देशाचा होता. तेव्हा साहेबाने ठरवलं की आजारी ते आजारी, उरलेल्यांनी खेळावं. आपल्या सेक्रेटरींची छाती त्याच सकाळी भरून आली. त्यांना इस्पितळात दाखल केलं आणि छातीच्या फोटोसाठी खाली आणलं. मावशीने त्यांना यंत्राला छाती टेकवून उभं केलं. श्वास घ्या म्हणाली. धरा म्हणाली. मग पडद्याआड जाऊन तिने चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला, रजिस्टरात तारीख लिहिली, आणि मग म्हणाली, सोडा.

छाती ठणठणीत निघाली.

मावशीने त्या खोलीत काढलेला तो शेवटचा फोटो. दुपारी कागद आला. ओळख पडताळणीत कसूर, खुलासा द्यावा, चौकशी होईपर्यंत निवृत्तीची कागदपत्रं थांबवण्यात येत आहेत, उद्यापासून कामावर येऊ नये. मोठ्या डॉक्टरांनी सेवापुस्तकात लाल शाईने दोन ओळी लिहिल्या आणि तिला दाखवल्या. निरोपसमारंभ अर्थात रद्द झाला. मावशीने एप्रन खिळ्याला अडकवला. सरकारने तिला आधीच दोन वर्षं लवकर म्हातारी केली होती, त्यात आता दहा दिवसांची भर.

सामना दुसऱ्याच दिवशी होता. मावशीने आयुष्यात सामना बघायला स्टेडियमवर पाऊल ठेवलं नव्हतं, पण घरी बसून काय करायचं हाही प्रश्न होता. तिने ती इस्त्रीची नवी साडी नेसली. वाया कशाला घालवायची. नवऱ्याने तिला कुंपणाजवळच्या बाकावर बसवलं आणि ऑफसाइड समजावायला घेतलं. ती मध्येच म्हणाली, गोलकीपरची तर्जनी कधीतरी निखळलेली आहे, तिकडे बघा. नवऱ्याने समजावणं सोडलं.

समोरचा संघ तोच, आज्या वारलेला. त्यात नऊजणांची पोटं बिघडलेली आणि दोघांच्या दाढा ठणकणाऱ्या, म्हणून तेवीसांतले नऊजणच उतरले होते. नऊजणांशी आपले अकराजण असे खेळत होते, की जणू आपल्याच आज्या वारल्या आहेत. चेंडू नऊ नंबरपर्यंत पोचेचना. पोचला की तो दणका हाणी आणि चेंडू दांड्याला लागे, नाहीतर थेट रस्त्यावर जाई. मागचे लोक ओरडत होते, आजोबा, जरा जपून. दोन ओळी पुढे भट्टीवाली आई बसली होती. ती दर वेळी मागे वळून ओरडणाऱ्याला बघून ठेवत होती.

पाच मिनिटं उरली असताना आपल्याला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. सगळी गर्दी गोलपुढे उसळली आणि त्यातून नऊ नंबर वर गेला, सगळ्यांच्या खांद्यांवरून वर. स्टेडियममधल्या वीस हजार माणसांनी त्याचं डोकं पाहिलं. वीस हजारांत एकच बाई हात बघत होती. डोकं चेंडूपासून वीतभर लांब होतं. चेंडूला लागलं ते डावं मनगट, नेमकं रेघेच्या जागी, आणि चेंडू गोलात गेला.

रेफरीने शिट्टी वाजवली, मधल्या वर्तुळाकडे बोट केलं. गोल. समोरच्या संघातली दोन पोरं रेफरीकडे धावली, आपापली मनगटं ठोकून दाखवत. रेफरीने त्यांना हाकललं. नवरा एका अनोळखी पोलिसाच्या गळ्यात पडून रडत होता. मघाशी आजोबा म्हणणारे आता मिशी मिशी म्हणून नाचत होते. मावशी तेवढी बसून होती. याच मनगटासाठी तिने आपली चौतीस वर्षं लाल केली होती.

सामना संपला. आपण सेमीफायनलला गेलो. पोरगा आईला भेटायला कुंपणापाशी आला. भट्टीवालीने जाळीतूनच त्याचं तोंड कुरवाळलं, आणि मागे बोट करून म्हणाली, अरे, त्यांना भेट आधी, त्यांच्यामुळे खेळलास. पोरगा कुंपणाच्या फाटकातून मावशीसमोर येऊन उभा राहिला. त्याने हात जर्सीच्या मागे धरले होते.

"डावा दे," मावशी म्हणाली.

पोराने हळूच हात पुढे केला. मनगटावर चेंडूच्या शिवणीचा लाल वळ उमटला होता, टाका न् टाका मोजता आला असता. पोराने तिच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांचाच होता तो, आता तर कुणालाही दिसलं असतं.

"मावशी, मी..."

"हलायचं नाही." तिने अंगठ्याने वळावर दाबलं. तो कळवळला. तिने चारी बाजूंनी चाचपून पाहिलं, हाड जागेवर होतं. मग त्याच्या जर्सीची लांब बाही मनगटाच्या खालपर्यंत ओढून दिली. "हा फोटो मी काढलेला नाही. जा. बर्फ लाव. आणि पुढच्या मॅचला डोकं वापर, त्यासाठी दिलंय."

पोरगा गेला, जाता जाता दोनदा वळून बघत. नवरा पोलिसाला सोडून परत आला, डोळे पुसत.

"काय म्हणालीस त्याला?"

"बर्फ लाव म्हटलं."

"बर्फ कशाला?"

"पडला होता."

"कधी?" नवरा म्हणाला. "अगं, मी नव्वद मिनिटं त्याच्यावर डोळे लावून बसलो होतो. एकदाही पडला नाही."

मावशीने पिशवी उचलून खाली उतरलेल्या खांद्याला अडकवली. "तुम्ही चेहऱ्याकडे बघत होतात," ती म्हणाली. "चला, गर्दी व्हायच्या आत निघू."